कॉपीरायटर व्हायचंय? मग आधी ऐकायला शिका

समजा, तुमच्या घरात जेवणाच्या वेळी कुणीतरी जाहीर केलं, ‘मला कॉपीरायटर व्हायचंय.’ काय होईल? आजी विचारेल, ‘कॉपी? ती तर परीक्षेत करतात ना?’ बाबांना वाटेल की हे कॉपीराइटचं, म्हणजे वकिलीसारखं काहीतरी काम असावं. आणि आई थेट मुद्द्यावर येईल, ‘ते सगळं ठीक आहे, पण लिहून पोट भरतं का?’

हसू नका. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि या लेखात तिघांनाही उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आधी आजी आणि बाबा. कॉपीराइट म्हणजे लेखकाचा आपल्या लेखनावरचा कायदेशीर हक्क. कॉपीरायटरचा त्याच्याशी संबंध नाही. जाहिरातीतल्या मजकुराला या धंद्यात ‘कॉपी’ म्हणतात आणि ती लिहितो तो कॉपीरायटर. होर्डिंगवरची ओळ, बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर, बँकेचा मेसेज, रीलमधलं बोलणं, दुपारी बरोबर एक वाजता फोनवर येणारं ‘जेवलात का?’ हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. त्याखाली सही मात्र नसते.

आईचा प्रश्न जरा मोठा आहे. त्याकडे सावकाश येऊ.

न्यू टाउनमध्ये मराठी?

हा लेख मी कोलकात्याच्या न्यू टाउनमधून लिहितेय. कोलकाता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हावडा ब्रिज, ट्राम आणि पिवळी टॅक्सी येते. न्यू टाउन त्या चित्रात बसत नाही. विमानतळाच्या बाजूला, राजारहाट भागात, शेतं आणि पाणथळ जागा होत्या तिथे हे शहर आखून वसवलं गेलं. त्यासाठी राज्य सरकारने १९९९ मध्ये ‘हिडको’ नावाचं महामंडळ स्थापन केलं. आज इथे रुंद रस्ते आहेत, इको पार्क आहे, चौकावर अधांतरी कड्यासारखं उभं असलेलं बिस्व बांग्ला गेट आहे आणि काचेच्या इमारतींमध्ये आयटी आणि मार्केटिंगची ऑफिसं आहेत.

या ऑफिसांमध्ये मराठीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. काम आहे, कारण ग्राहक आता इंग्रजीपुरता राहिलेला नाही. एकच अॅप नाशिकमध्ये वापरलं जातं, सिलिगुडीतही आणि मदुराईतही. त्यामुळे एकाच जाहिरातीसाठी बंगाली, हिंदी, मराठी, तमिळ लिहिणारी माणसं लागतात. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण बंगालीत लिहिते, तुम्ही मराठीत. मधे मुरमुऱ्यांची झालमुरी आणि मातीच्या कपातला चहा असतो.

इथे बसलं की एक गोष्ट लवकर कळते. शब्द सारखे दिसले म्हणजे अर्थ सारखा असतोच असं नाही. बंगालीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आता बंगाली ओळ जशीच्या तशी मराठीत आणून ‘एकदा चेष्टा करून पाहा’ असं छापलं, तर ग्राहक म्हणेल, माझी की तुमची? बंगाली आणि हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘मुलांना मोफत शिक्षा’ असा फलक सोलापुरात लावून बघा, पालक मुलांना घेऊन उलट्या पावली परततील. बंगाली ‘अभिमान’ तर फारच सुंदर शब्द आहे. जवळच्या माणसाने दुखावल्यावर जो रुसवा मनात धरला जातो, तो अभिमान. आपल्याकडे अभिमानाने छाती फुगते, तिकडे डोळे भरतात.

म्हणून कॉपीरायटर भाषांतर करत नाही. तो त्या भाषेतल्या माणसाने तीच गोष्ट कशी सांगितली असती ते शोधतो. मसाल्याच्या जाहिरातीत ‘तुमचं स्वयंपाकघर उत्कृष्टतेस पात्र आहे’ असं लिहिलं तर व्याकरण बरोबर, पण कोणत्या घरात असं बोलतात? ‘फोडणीचा वास शेजारी गेला पाहिजे’ असं म्हटलं की साताऱ्यातल्या काकूही मान डोलावतील.

दिवस कसा जातो?

सिनेमात दाखवतात तसं खिडकीपाशी बसून, कॉफी पीत, अचानक ओळ सुचणं हे फार कमी वेळा घडतं. बहुतेक दिवस साधे असतात.

सकाळी ‘ब्रीफ’ येतो. कोणती वस्तू, कुणासाठी, कुठे दिसणार, काय सांगायचं, किती शब्दांत, केव्हापर्यंत, एवढं त्यात असायला हवं. पुष्कळदा निम्मंच असतं, मग उरलेलं विचारून काढावं लागतं. हे विचारणं हेच कामाचं पहिलं कौशल्य. त्यानंतर वाचन. वस्तू हातात घेऊन बघणं, ग्राहकांचे रिव्ह्यू वाचणं, लोक कशाबद्दल कुरकुरतात ते टिपणं. मग लिहिणं. एका ओळीसाठी वीस-तीस ओळी, त्यातल्या बहुतेक टाकून देण्यासाठी. संध्याकाळी क्लायंटचा निरोप, ‘छान आहे, पण जरा अजून वेगळं काहीतरी.’ ‘वेगळं’ म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येत नसतं. ते तुम्ही ओळखायचं.

हे काम एकट्याचंही नाही. जाहिरात दिसेल कशी ते ठरवणारा डिझायनर आणि शब्द लिहिणारा कॉपीरायटर यांची जोडी असते. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय न्यू यॉर्कच्या बिल बर्नबॅक यांना दिलं जातं. १९४९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या एजन्सीने दोघांना एकत्र बसवलं. त्याआधी लेखक मजकूर लिहून पाठवायचा आणि चित्रकार त्याला चित्र जोडायचा. आज चांगल्या ऑफिसात ओळ कधी डिझायनरला सुचते आणि चित्र कॉपीरायटरला. कुणाचं काय, याचा हिशेब ठेवणारा माणूस इथे फार टिकत नाही.

कोलकात्याची जुनी ओळख

न्यू टाउन नवं असलं तरी या शहराला जाहिरात नवी नाही. १७८० मध्ये इथेच निघालेल्या हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’मध्ये बातम्यांच्या जोडीला जाहिरातीही छापल्या जात.

त्याहून मजेशीर गोष्ट १८९६ ची. हेमेंद्रमोहन बोस या उद्योजकाचं ‘कुंतलीन’ नावाचं केशतेल आणि ‘देलखोश’ नावाचं अत्तर होतं. त्यांनी कथास्पर्धा जाहीर केली. अट अशी, की कथेत तेलाचा किंवा अत्तराचा उल्लेख हवा, पण ती जाहिरात वाटता कामा नये! पहिल्याच वर्षी बक्षीस मिळालं ते शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. तिच्यात समुद्रातलं वादळ तेलाच्या एका बाटलीने शांत होतं. १९०३ मध्ये शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘मंदिर’ कथेला हाच पुरस्कार मिळाला. तेव्हा ते नावारूपाला आलेले नव्हते आणि कथाही त्यांनी मामाच्या नावाने पाठवली होती. आज आपण ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतो, ते सव्वाशे वर्षांपूर्वी केसांच्या तेलाने करून दाखवलं होतं.

आणि सत्यजित राय. १९४३ मध्ये, एकविशीत, ते डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत महिना ८० रुपये पगारावर ज्युनिअर व्हिज्युअलायझर म्हणून लागले. ते चित्राच्या बाजूचे, पण शाळा तीच. तिथल्याच डी. के. गुप्त यांच्या सिग्नेट प्रेससाठी त्यांनी पुस्तकांची मुखपृष्ठं केली आणि ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रंही काढली. चित्रं काढता काढता त्यांना त्या कादंबरीत सिनेमा दिसू लागला. १९५० मध्ये कंपनीने त्यांना कामासाठी लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी सिनेमे पाहण्याचा सपाटा लावला. परतल्यावर नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करत त्यांनी तो सिनेमा पूर्ण केला. १९५५ मध्ये तो प्रदर्शित झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आपली मराठी माणसं

आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. कोल्हापुरात जन्मलेले कवी अरुण कोलटकर अनेक वर्षं मुंबईच्या जाहिरातविश्वात आर्ट डायरेक्टर होते आणि त्या कामासाठीही नावाजले गेले. त्यांच्या ‘जेजुरी’ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लिहिणारे किरण नगरकरही जाहिरात क्षेत्रात काम करत होते.

आणि कोलकात्यात लेखणीवर जगलेल्या मराठी माणसाचं नाव घ्यायचं तर सखाराम गणेश देऊस्कर यांचं घ्यावं लागेल. जन्म १८६९ चा, देवघरचा. घरची भाषा मराठी, पण लेखन बंगालीत. ते ‘हितवादी’ या पत्रात प्रूफं तपासायला लागले आणि पुढे त्याचे संपादक झाले. १९०४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या पुस्तकाने इंग्रजांनी देश कसा लुटला ते बंगाली घराघरांत पोचवलं. १९१० मध्ये सरकारने ते जप्त केलं. देऊस्कर कॉपीरायटर नव्हते, पण दुसऱ्याच्या भाषेत शिरून तिथल्या साध्या माणसाला पटेल असं लिहायचं, ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांना साधली होती. आणि त्यांची सुरुवात प्रूफ तपासण्यापासून झाली, हे आज पहिल्या नोकरीत दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या सुधारणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

स्वभाव कसा लागतो?

तुम्हाला वाटत असेल, बोलघेवडा, हजरजबाबी माणूस इथे चमकतो. चमकतो, पण पहिल्या मीटिंगपुरता. पुढे कामाला येतो तो ऐकणारा माणूस.

पीयूष पांडे यांचं उदाहरण घ्या. जयपूरचे, राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळलेले. चहा कंपनीत चहा चाखण्याची नोकरी त्यांनी केली होती. १९८२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते ओगिल्व्हीमध्ये आले, तेही क्लायंट सांभाळण्याच्या कामावर. लेखनाकडे नंतर वळले. जाहिरातीची भाषा तेव्हा बरीचशी इंग्रजीत विचार करणारी होती. पांडेंनी तिच्यात रस्त्यावरची, अंगणातली हिंदी आणली. पोलिओच्या ‘दो बूँद ज़िंदगी की’ मोहिमेत अमिताभ बच्चन लोकांवर चक्क रागावताना दिसले. घरातलं वडीलधारं माणूस रागावतं ते काळजीपोटी, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. ते यश दारोदार फिरलेल्या आरोग्य सेविकांचं, पण त्यांच्यासाठी दार उघडायला त्या शब्दांची मदत झाली. पांडे ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या ओळी मात्र अजून लोकांच्या तोंडी आहेत.

मग कॉपीरायटरच्या अंगी काय हवं?

• कान. भाजीवाली कशी हाक मारते, रिक्षावाला भाड्यावरून काय बोलतो, आत्या फोन ठेवताना काय म्हणते, हे टिपणारा कान.

• कुतूहल. आज पाण्याची टाकी, उद्या विमा, परवा बाळाचं दुपटं. कंटाळा येऊन चालत नाही.

• जाड कातडी. दहातल्या नऊ ओळी नाकारल्या जातात. नाकारली जाते ती ओळ, तुम्ही नाही. हा फरक कळला की झोप लागते.

• शिस्त. सुचण्याची वाट पाहायला वेळ नसतो. सहा वाजता द्यायचं म्हणजे सहा वाजता.

• आणि नाव न मागण्याची तयारी. शहरभर तुमची ओळ झळकेल आणि तुम्ही तिच्याखालून बसने घरी जाल. शेजारच्या सीटवरच्या माणसाला काहीच माहीत नसेल. हे ज्याला गोड वाटतं, त्याने जरूर यावं.

शिडी कशी चढायची?

पदवी कोणतीही चालते. मी बीए इंग्रजी केलं. माझ्यासोबत काम करणाऱ्यांत वाणिज्य शाखेचेही आहेत आणि इंजिनीअरही. रीतसर शिकायचं असेल तर दिल्लीच्या आयआयएमसीमध्ये जाहिरात आणि जनसंपर्काचा अभ्यासक्रम आहे, अहमदाबादची मायका आहे, मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे. मुंबई विद्यापीठाच्या माध्यमविषयक पदवीतही जाहिरात हा विषय घेता येतो.

पण मुलाखतीत पदवीच्या आधी बघतात तो पोर्टफोलिओ. काम मिळाल्याशिवाय पोर्टफोलिओ कुठून आणायचा? स्वतः काम तयार करा. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसाठी फलक लिहा. मामांच्या खानावळीसाठी व्हॉट्सअॅप मेसेज लिहा. आवडत्या तीन जाहिराती आणि न आवडलेल्या तीन घ्या, न आवडलेल्या नव्याने लिहा. दहा चांगले नमुने पुरतात.

पुढची पायरी साधारण अशी असते: इंटर्न किंवा ट्रेनी, मग ज्युनिअर कॉपीरायटर, कॉपीरायटर, सीनिअर, मग टीम सांभाळणारा कॉपी सुपरवायझर आणि पुढे क्रिएटिव्ह डायरेक्टर किंवा कंटेंट हेड. मधूनच वाटा फुटतात. कुणी अॅपमधल्या बटणांवरचे छोटे शब्द लिहिण्यात तरबेज होतं, कुणी व्हिडिओच्या संहितांकडे वळतं, कुणी फ्रीलान्स करतं.

आता आईचा प्रश्न. खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. सणासुदीला, जेव्हा घरचे सगळे फराळ करतात, तेव्हा या धंद्यात काम सगळ्यात जास्त असतं. पहिली दोन-तीन वर्षं काटकसरीची. त्यानंतर ज्याच्या ओळींनी माल खपतो, त्याची किंमत वाढते. दोन भाषा पक्क्या असतील तर अजून. पोट भरतं, पण हळूहळू. घरच्यांनी तेवढा धीर धरावा आणि मुलांनी तेवढी वर्षं खरोखर शिकण्यात घालवावीत.

यंत्र लिहायला लागलं, मग?

ही भीती आज प्रत्येक ऑफिसात आहे आणि ती खोटी नाही. एआय एका मिनिटात पन्नास ओळी देतं. वस्तूंची वर्णनं, ठरावीक मेल, साधे कॅप्शन, ज्यावर नवखे लोक हात बसवायचे, ते काम यंत्राकडे सरकतंय. त्यामुळे आत शिरण्याचं दार अरुंद झालंय, हे मुलांपासून लपवू नये.

पण पन्नासांतली कोणती ओळ साताऱ्यातल्या काकूंना आपली वाटेल, हे कोण सांगणार? ‘चेष्टा’ कुठे प्रयत्न आहे आणि कुठे थट्टा, हे कोण पकडणार? त्यासाठी काकूंच्या ओट्यापाशी उभं राहिलेलं माणूस लागतं. फक्त शब्द जुळवणाऱ्यांसाठी दिवस कठीण आहेत. माणसं ओळखणाऱ्यांना अजून जागा आहे.

‘नाही’ म्हणता येईल?

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. समजा, नोकरीचा दुसराच महिना आहे. ब्रीफ येतो: ‘मधुमेह मुळापासून बरा करणारं चूर्ण. जोरदार लिही.’ तुमचे आजोबा रोज इन्शुलिन घेतात. तुम्ही काय कराल?

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. १९८५ पासून ‘अॅस्की’ ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था खोट्या दाव्यांच्या तक्रारी घेते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दंडाची तरतूद आहे. म्हणून वरिष्ठांना शांतपणे विचारा, ‘याला पुरावा काय? कायद्यात बसतं का?’ हा उद्धटपणा नाही, कंपनीला वाचवणं आहे.

कायदा नसेल तिथेही शब्द घरात काहीतरी करून जातात. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि त्या नावातून ‘फेअर’ हा शब्द निघायला २०२० साल उजाडलं. पंचेचाळीस वर्षं सावळ्या मुलींनी त्या जाहिराती पाहिल्या. प्रत्येक ओळ कुणीतरी मन लावून लिहिली असेल, कदाचित बक्षीसही मिळवलं असेल. ओळीखाली सही नसते, म्हणून जबाबदारी नसते असं नाही.

त्यासाठी एक साधी कसोटी ठेवा. जी ओळ तुम्ही तुमच्या आजीला खरी म्हणून वाचून दाखवू शकत नाही, ती दुसऱ्याच्या आजीसाठी लिहू नका.

आजपासून करून बघा

आठवडाभर एक वही जवळ ठेवा. रोज ऐकलेलं एक अस्सल वाक्य त्यात लिहा, बोलणाऱ्याने म्हटलं तसंच. रोज एक जाहिरात निवडा आणि ती कुणाशी बोलतेय ते एका ओळीत लिहा. आठव्या दिवशी घरातल्या कुठल्याही वस्तूसाठी, मग ती जुनी कढई का असेना, दहा शब्दांत जाहिरात लिहा आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना वाचून दाखवा.

कुणाचा घास हातात थांबला तर समजा, ओळ जमली. आणि आजीने विचारलं, ‘हे तूच लिहिलंस ना? कॉपी तर नाही केलीस?’ तर चिडू नका. या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी क्वचितच मिळते.